बी वेलावर निवडावे

वेरूळच्या डोंगरावरून येळगंगा उतरते आणि श्रावणात लेण्यांच्या कपारीवरून तिचे पाणी कोसळू लागते, तेव्हा घृष्णेश्वराच्या दर्शनाला आणि कैलास लेणे पाहायला आलेल्या माणसांच्या गर्दीत गावाच्या मागच्या आळीकडे कोणाची दृष्टी वळत नाही. परंतु त्याच दिवसांत त्या आळीतल्या ज्या थोड्या घरांना अजून परसदार उरले आहे त्यांच्या कुडावर, तुराट्यांच्या मांडवावर आणि शेवग्याच्या खोडावर वालाचे वेल चढत असतात, आणि त्यांतल्या काही वेलांचे बी असे असते, की ते कोणत्याही दुकानात पैसे मोजून मिळणार नाही. ते सासूने सुनेच्या हाती दिलेले असते, माहेराहून पदराच्या गाठीत बांधून आलेले असते, आणि त्याला नाव असलेच तर ‘आपला वाल’ एवढेच असते. असे बी परसबागेत लावावे कसे, धरावे कसे आणि पुढच्या हंगामापर्यंत जिवंत ठेवावे कसे, हे ज्यांना स्वतःच्या हातांनी करावयाचे आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

मौजे वेरूळची पाटिलकी भोसल्यांच्या घराण्यात होती हे सर्वश्रुत आहे. मालोजीराजांचे नाव या गावाशी कायमचे जोडले गेले ते त्यामुळेच. जुन्या कागदपत्रांतला ‘वतन’ हा शब्द आज आपण केवळ मालमत्तेच्या अर्थाने वाचतो, परंतु वतनदाराला उत्पन्नाचा हक्क होता तशी गावाची चाकरीही त्याच्यामागे लागलेली होती, आणि चाकरीत कसूर झाली तर वतन जप्त होण्याची पाळी येत असे. घराण्याचे बी मला या अर्थाने वतनासारखे वाटते. ते दरसाल शेंगा देते हे त्याचे उत्पन्न, आणि दरसाल त्याला योग्य वेळी पेरावे, निवडावे, वाळवावे ही त्याची चाकरी. ही चाकरी लागोपाठ तीन-चार वर्षे चुकली म्हणजे डब्यात दाणे दिसत असतात, पण त्यांतला जीव गेलेला असतो.

आणि ही चाकरी बहुतेक घरांत चुकते ती आळसामुळे चुकत नाही, एका जुन्या सवयीमुळे चुकते. कार्तिकापासून वेलाला शेंगा लागतात. पहिल्या, भरदार, निरोगी शेंगा स्वयंपाकघरात जातात. भोगीच्या भाजीला मुबलक शेंगा हव्या म्हणून वेल पुन्हा झाडून घेतला जातो. आणि माघ सरत आल्यावर, जे उंचावर हाताला लागले नाही, जे अळीने अर्धे पोखरले, जे सर्वांत मागाहून आणि सर्वांत दुबळ्या फांदीवर लागले, ते उरलेसुरले ‘बियाण्याला’ म्हणून ठेवले जाते. मग परातीत ते दाणे पसरून घरातली जाणती स्त्री चष्मा लावून त्यांतले टपोरे वेचते आणि आपण बियाणे निवडले असे तिला मनापासून वाटते. वास्तविक निवडण्याची वेळ तीन महिन्यांपूर्वीच निघून गेलेली असते. परातीतला दाणा आपला वेल कसा होता हे सांगत नाही: तो लवकर फुलला की उशिरा, त्याच्यावर मावा पडला होता की नाही, पावसाने ताण दिला तेव्हा त्याने मान टाकली की तग धरला, यांतले काहीही दाण्याच्या अंगावर लिहिलेले नसते. म्हणून या सबंध लेखात सांगण्यासारखी माझी एकच गोष्ट आहे, आणि ती ही की बी वेलावर निवडावे, परातीत निवडू नये.

प्रथम, कोणते बी धरण्याजोगे आहे ते पाहू. आपल्याकडे शेंगभाज्यांच्या नावांचा मोठा घोळ आहे. एका तालुक्यात ज्याला वाल म्हणतात त्यालाच शेजारच्या तालुक्यात घेवडा किंवा पावटा म्हणतात, आणि बाजारात घेवडा मागितला तर श्रावण घेवडा, म्हणजे फरसबी, हाती येण्याचा संभव असतो. वाल आपल्या भूमीत प्राचीन काळापासून रुळलेला आहे. श्रावण घेवडा मूळचा अमेरिका खंडातला, पोर्तुगीजांच्या व्यापारमार्गांनी इकडे आलेला. तरीही उशिरा आलेला तो परका राहिला असे नाही: सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा, ज्याच्या दाण्यावर वाघाच्या अंगासारखे पट्टे असतात, त्या मातीशी इतका एकजीव झाला की 2016 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. चवळी, गवार, अबई, चौधारी घेवडा यांचेही बी घरी धरता येते, आणि पुढे सांगितलेली रीत थोड्याफार फरकाने त्यांनाही लागू पडते. परंतु वेरुळाच्या परसात वालाला जो मान आहे तो इतरांना नाही, म्हणून मी मुख्यतः वालाविषयीच लिहितो.

दुकानातल्या पुडीवर ‘संकरित’ असे छापलेले असेल तर त्या पिकाचे बी धरण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या पिढीत गुणांची फाटाफूट होते आणि आईसारखी लेक निघत नाही. सुदैवाने शेंगभाज्यांत संकरित वाण क्वचितच असतात. विकत मिळणारे बहुतेक बियाणे ‘सरळ वाणाचे’ असते आणि त्याचे बी धरता येते. मात्र ज्या बियाण्याला गुलाबी किंवा हिरवा रंग चोपडलेला दिसेल ते औषध लावलेले असते; ते फक्त पेरावे, मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि उरले तरी उसळीत घालू नये.

परंतु खरे जुने बी दुकानात नाही, माणसांकडे आहे, आणि त्यासाठी आपल्या माणसांकडेच गेले पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे यांचे उदाहरण आता महाराष्ट्राला परिचित आहे. शाळेची पायरी न चढलेल्या या महादेव कोळी समाजातल्या शेतकरी बाईंनी आपल्या डोंगरी मुलखातले भाताचे, भाज्यांचे आणि विशेषतः वालाचे अनेक गावठी वाण घरोघर फिरून जमवले, दरसाल पेरून जिवंत ठेवले, आणि बाएफ या संस्थेच्या साहाय्याने घरीच बियाण्यांची बँक उभी केली. 2018 मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर प्रभावी स्त्रियांत त्यांची गणना केली आणि 2020 च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. मला त्यांच्या कार्यातली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते, की त्यांनी बी मागितले ते कृषी खात्याच्या गोदामात जाऊन मागितले नाही; ज्या वृद्ध स्त्रियांच्या उतरंडीतल्या लहान मडक्यांत ते राखेत पुरून ठेवलेले होते, त्यांच्या उंबरठ्यावर बसून मागितले. आपणही तेच करावे. खुलताबादच्या, फुलंब्रीच्या, कन्नडच्या आठवडी बाजारात खाली पोत्यावर बसून चार शेंगा विकणारी म्हातारी दिसली, आणि तिच्या शेंगेची कड जांभळी किंवा दाणा वेगळ्या रंगाचा दिसला, तर भाव न करता शेंगा घ्याव्या आणि त्याच वेळी विचारावे, की मावशी, याचे वाळलेले बी आहे का. बहुधा असते. आणि विचारले तर ती नाही म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता लावणी. वालाचे जुने वेली वाण दिवसाची लांबी ओळखतात. दिवस लहान होऊ लागल्याखेरीज ते फुलत नाहीत. त्यामुळे रोहिणीत पेरलेला वेल आणि आर्द्रेत पेरलेला वेल जवळजवळ एकाच सुमारास, दसऱ्याच्या मागेपुढे, फुलावर येतात. फरक इतकाच, की आधी पेरलेल्याचा विस्तार मोठा झालेला असतो. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ हौशी माणसे उन्हाळ्यात बी लावतात, चार महिने नुसता पाला वाढताना पाहतात, आणि वेल वांझ निघाला असे समजून दसऱ्याच्या तोंडावर उपटून टाकतात. म्हणजे ज्या आठवड्यात फूल येणार त्याच्या आदल्या आठवड्यात. तसे करू नये. मृगाचा पाऊस पडून जमिनीत वीतभर ओल गेली, की बी टोकावे. श्रावण घेवड्याची गोष्ट निराळी; त्याला सोसाट्याचा पाऊसही मानवत नाही आणि कडक ऊनही नाही, आणि आमच्याकडे पाऊस ओसरल्यानंतरचे, थंडीकडे झुकणारे दिवस त्याला चांगले.

वेरूळची जमीन काळ्या पाषाणाच्या झिजेची. डोंगराच्या पायथ्याशी मुरमाड आणि ओढ्याकडे काळी. मुरमाड जमिनीत वाल अधिक निरोगी राहतो, कारण त्याच्या मुळांना पाणी तुंबलेले सहन होत नाही. काळ्या जमिनीत लावायचा असेल तर आळे थोडे उंचावर करावे. हातभर रुंद आणि हातभर खोल खड्डा घेऊन त्यात दोन घमेली कुजलेले शेणखत मातीत मिसळावे, त्यावर दोन बोटे खोल तीन-चार दाणे टोकावे, आणि वेल वीतभर झाले की त्यांतले धट्टे दोन ठेवावे. युरिया मुळीच देऊ नये. शेंगवर्गीय वनस्पतीच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र वनस्पतीला मिळवून देतात हे पुस्तकातले ज्ञान एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे: विरळणी करताना उपटलेल्या रोपाच्या मुळाची एक गाठ नखाने चिरावी, ती आतून मांसासारखी गुलाबी दिसली तर जिवाणू कामाला लागले आहेत असे समजावे, आणि पांढरी किंवा हिरवट दिसली तर ज्या जुन्या आळ्यात वाल चांगला आला होता त्यातली ओंजळभर माती आणून या आळ्यात घालावी. मांडवासाठी तुराट्या, पऱ्हाट्या, बोरीच्या फांद्या, जे घरचे असेल ते चालते. मांडव उंच मात्र नको. हात पोचेल एवढाच असावा, कारण ज्या शेंगेपर्यंत हात पोचत नाही तिची निगराणीही होत नाही.

वालाचे फूल स्वपरागित आहे, म्हणजे फूल पुरते उमलण्याच्या सुमारास त्याच्याच परागाने त्याचे फलन झालेले असते, आणि म्हणूनच शेंगभाज्यांचे बी धरणे हे नवशिक्याला सर्वांत सोपे. दुधीभोपळ्याचे किंवा दोडक्याचे बी शुद्ध राखणे याहून पुष्कळ कठीण आहे. तथापि वालाच्या तुऱ्यावर काळे मोठे भुंगे आणि मधमाश्या सकाळपासून घोंगावत असतात आणि त्यांच्या पायांनी थोडाफार परपराग येतोच. एकाच मांडवावर पांढऱ्या फुलांचा आणि जांभळ्या फुलांचा असे दोन वेल सोडले, तर पाच-सहा वर्षांनी दोघांचेही मूळ रूप कोणाला सांगता येणार नाही. शक्य असेल तर परसात एकच वाण लावावे, दुसरे शेजारच्या आळीतल्या घरी द्यावे. तेही शक्य नसेल तर बियाण्यासाठी निवडलेल्या वेलाचे दोन-तीन तुरे कळी अवस्थेत असतानाच जुन्या धोतराच्या किंवा मलमलीच्या पातळ कापडाच्या पिशवीत सैलसर बांधून ठेवावे, शेंगा बोटभर झाल्या म्हणजे पिशवी काढावी, आणि त्या तुऱ्यांच्या देठाला खुणेचा दोरा बांधावा.

या दोऱ्यापाशीच निवडीचे सर्व मर्म आहे. आश्विन-कार्तिकात, पहिल्या शेंगा धरू लागताच, एके दिवशी सकाळी उठून सगळे वेल नीट पाहावे आणि त्यांतल्या उत्तम वेलांना लाल दोरा बांधावा. उत्तम म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरवावे एकदाच आणि दरसाल तेच पाहावे. मी पाहतो ते असे: ज्याची पाने नितळ आहेत, ज्याच्या शेंड्यांवर ढगाळ हवेतही मावा थोडा आहे, ज्याला पहिला तुरा लवकर आला आहे आणि ज्याच्या तुऱ्यावरची फुले गळून न जाता शेंगांत उतरत आहेत. भाद्रपदात पावसाने खंड दिला असताना ज्या वेलाची पाने दुपारी सर्वांच्या आधी मलूल झाली, तो मागाहून कितीही फोफावला तरी त्याचे बी मी धरत नाही; सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही लहरीने पडणारा, अशा मुलखात ही एक कसोटी इतर सर्व कसोट्यांहून मोठी आहे. ज्या वेलाच्या पानांवर पिवळट-हिरवे चट्टे उठले किंवा पाने आकसली तो रोगट समजून बियाण्यातून बाद करावा. घेवड्यावरचा असा एक विषाणुजन्य रोग बियातून पुढच्या पिढीत उतरतो, त्यामुळे तिथे दयामाया उपयोगाची नाही.

एकदा दोरा बांधला की तो वेल स्वयंपाकघराचा राहिला नाही, हे घरात सर्वांना बजावून सांगावे. त्याच्या पहिल्या, खालच्या तुऱ्यांवरच्या शेंगा कोणीही तोडू नयेत. वरच्या, मागाहून येणाऱ्या शेंगा खुशाल खाव्या. खालच्या शेंगा आधी लागतात, त्यांना पोसायला वेलाचे पूर्ण बळ मिळते, आणि उन्हे तापण्यापूर्वी त्या पक्व होतात. भोगीच्या आदल्या दिवशी या शेंगांवर मोठे संकट असते. बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरीबरोबर भोगीला शेंगांची भाजी हवीच, आणि हिरव्यागार, दाण्यांनी टच्च भरलेल्या शेंगा डोळ्यांसमोर लोंबत असतात. त्या दिवशी दोरा बांधलेल्या वेलाकडे मुलांना पाठवू नये.

दाणा टपोरा म्हणून बी चांगले, ही समजूत किती अपुरी आहे याचा दाखला विज्ञानाच्या इतिहासात घेवड्यानेच दिलेला आहे. विल्हेल्म योहान्सन या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने घेवड्याच्या एकेका झाडापासून वेगवेगळे वंश वाढवले आणि 1903 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले: एका शुद्ध वंशातला जड दाणा पेरला काय आणि हलका पेरला काय, पुढच्या पिढीत दाण्यांचे सरासरी वजन तेच राहते, कारण तो जडपणा-हलकेपणा शेंगेतल्या जागेचा आणि पोषणाचा होता, वंशाचा नव्हता, परंतु अनेक वंशांच्या मिश्रणातून जड वंश निवडला तर फरक निश्चित पडतो. आपले गावठी बी हे बहुधा असे मिश्रणच असते. म्हणून त्यातून निवड करण्याला अर्थ आहे. मात्र ती निवड वेलावेलांतली असली पाहिजे, एकाच शेंगेतल्या लहानमोठ्या दाण्यांतली नव्हे. आणि मिश्रण हेच त्या बियाचे बळ असल्यामुळे एकाच सर्वोत्तम वेलावर सारी भिस्त ठेवू नये; निदान दहा-बारा वेलांचे थोडे थोडे बी एकत्र करावे. एका परसात इतके वेल मावत नाहीत हे खरे. त्यावर उपाय असा, की तीन-चार घरांनी मिळून एकच वाण धरावे, प्रत्येकाने आपापले तीन वेल सांभाळावे, आणि माघात सर्वांचे बी एका सुपात ओतून, कालवून, पुन्हा वाटून घ्यावे.

शेंग वेलावरच वाळू द्यावी. ती पिवळी पडते, मग तिचा रंग वाळक्या पानासारखा होतो, आणि कानाशी धरून हलवली तर आत दाणे खुळखुळतात. तेव्हा ती तोडावी. तोडणी सकाळी, दहिवराने साल थोडी मऊ असतानाच करावी, दुपारी हात लावला तर शेंग फुटून दाणे मातीत जातात. फाल्गुनाच्या सुमारास मराठवाड्यात अवकाळी पाऊस आणि गारा येतात. 2014 सालच्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली ते ती विसरणार नाहीत. तसे आभाळ दाटून आले आणि शेंगा नुसत्या पिवळ्या झालेल्या असल्या, तरी थांबू नये. वेल बुंध्याशी कापून पडवीत उलटा टांगावा, राहिलेली पक्वता शेंगा तिथेही पुरी करतात.

वाळवण्यासाठी पत्रा किंवा दुपारची तापलेली गच्ची वापरू नये. तिथल्या उष्णतेने दाणा वरून वाळलेला दिसतो आणि आतला अंकुर भाजून निघतो. गोणपाटावर किंवा सुपात, सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि नंतर सावलीत, आठ-दहा दिवस वाळवावे. शेंगा हाताने सोलाव्या, काठीने बडवू नये, कारण बडवल्याने दाण्याच्या डाळिंबीला आत चीर जाते आणि असा दाणा उगवला तरी रोप शेंड्याविना मुंडे निघते. वाळल्याची परीक्षा दाताने करावी: दाण्यावर दात उमटला तर अजून ओल आहे, दाणा दाताला दाद देत नसेल, आणि दगडावर ठेवून ठोकल्यास चेपण्याऐवजी ताडकन फुटत असेल, तर तो साठवणीला तयार झाला.

साठवणीत माझ्या हातून एकदा जे झाले ते सांगणे मला कर्तव्य वाटते. आमच्या घरी आईने आणलेला एक वाल होता. शेंगेची कड जांभळी, दाणा विटकरी रंगाचा, त्यावर काळे बारीक ठिपके, आणि दाण्याच्या एका कडेने वालाची ती ओळखीची पांढरी, उठावदार शीर. आई गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी ते बी नीट वाळवले, काचेच्या बरणीत भरले, झाकण घट्ट लावले आणि फळीवर ठेवून दिले. रोहिणी लागल्यावर बरणी उतरवली, तेव्हा तळाशी पिठासारखा भुगा साचला होता, काचेवर तपकिरी भुंगेरे चालत होते, आणि हातात घेतलेल्या प्रत्येक दाण्याला टाचणीच्या डोक्याएवढे एक-एक, काहींना तीन-तीन, अगदी गोल भोक होते. बरणी बंद होती, मग कीड आत गेली कशी, हे मला त्या वेळी कळेना. खरी गोष्ट अशी, की ती आत गेली नाही, ती आतच होती. या भुंगेऱ्याची मादी शेतातच, वाळत आलेल्या शेंगेवर किंवा दाण्यावर अंडे चिकटवते. अळी अंड्यातून निघते ती थेट दाण्यात शिरते, आत पोसते, आणि उबदार हवेत महिनाभरात भुंगेरा होऊन तेच गोल दार पाडून बाहेर पडते, आणि पुन्हा अंडी घालते. दाण्यावर खसखशीहून बारीक पांढरे ठिपके दिसतात ती ही अंडी. भिंगातून पाहिली तर स्पष्ट दिसतात.

यावर घरगुती फ्रीजचा फार मोठा उपयोग आहे आणि तो आपल्या आजीला उपलब्ध नव्हता. पूर्ण वाळलेले बी घट्ट झाकणाच्या बरणीत भरून बर्फाच्या कप्प्यात आठवडाभर ठेवावे. अंडी, अळ्या, भुंगेरे सर्व मरतात. बी ओलसर असेल तर मात्र तेही गोठून मरते, म्हणून दाताची परीक्षा आधी. बरणी बाहेर काढल्यावर तिची काच पुरती कोमट होईपर्यंत, म्हणजे निदान एक रात्र, झाकण उघडू नये. नाहीतर हवेतला दमटपणा थंड दाण्यांवर दव होऊन बसतो. ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी जुनीच रीत चालवावी: चाळलेली, कोरडी गोवऱ्यांची राख बियाच्या बरोबरीने घेऊन थरावर थर द्यावे, किंवा किलोभर बियाला लहान चमचाभर गोडेतेल हलक्या हाताने चोळावे, म्हणजे दाण्यावर घातलेली अंडी जगत नाहीत. आमच्याकडे धान्यात बिब्बे आणि कडुलिंबाचा पाला घालण्याची चाल आहे. ती असू द्यावी, परंतु पाला सावलीत खडखडीत वाळवलेला असावा, कारण ओल्या पाल्याने कीड जाण्याऐवजी बुरशी येते.

बियाचे दोन शत्रू, ओल आणि उष्णता. जेम्स हॅरिंग्टन या अमेरिकी बीजशास्त्रज्ञाने घालून दिलेला ठोकताळा असा, की बियातला ओलावा एक टक्क्याने उतरला की त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, आणि साठवणीची जागा पाच अंशांनी थंड झाली की पुन्हा दुप्पट होते. चैत्र-वैशाखात जिथे पारा चाळिशी ओलांडतो तिथे बरणी पत्र्याच्या छपराखालच्या फळीवर ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य आपण होऊन तोडणे आहे. आणि माठाजवळचा थंड कोनाडाही उपयोगाचा नाही, कारण तिथली थंडी ओलीतून आलेली असते. जाड भिंतीच्या खोलीतली, जमिनीलगतची, अंधारी, कोरडी जागा उत्तम. बरणीत भाजून थंड केलेल्या तांदळाची एक पुरचुंडी ठेवावी, ती उरलेली ओल शोषून घेते. एवढे केले तरी आपल्या हवेत दोन-तीन वर्षांहून अधिक भरवसा धरू नये. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात 2008 पासून जगभरचे बी हिमाच्छादित डोंगराच्या पोटात राखले जाते आणि ते राखणे अगत्याचेच आहे. परंतु वेरूळचा वाल वेरूळच्या पावसाशी जुळवून घेत राहायचा असेल, तर त्याला दर एक-दोन वर्षांनी वेरूळच्या मातीतच उतरावे लागेल.

पेरणीपूर्वी पंधरा दिवस उगवण पाहावी. वीस दाणे ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून सावलीत ठेवावे, रोज पाणी शिंपडावे, आणि आठवड्याने मोजावे. पंधराहून अधिकांना मोड आले तर बी उत्तम, दहाच्या आसपास आले तर दाट टोकावे. नवरात्रात घटाभोवतीच्या काळ्या मातीत आपण धान्य पेरतो आणि नवव्या दिवशी कोणते कसे उगवले ते पाहतो. ते करताना घरच्या वालाचेही पाच दाणे एका कडेला घालून पाहावे, म्हणजे रब्बीच्या तोंडावर बरणीचा अंदाज येतो. सगळे बी एकाच वर्षी कधीही पेरू नये. निम्मे मागे राखावे, मग पाऊस दगा देवो की गुरे मांडव खाऊन जावोत.

नोंद ठेवावी. साधी वही पुरे: वाणाचे घरातले नाव, ते कोणाकडून आणि कोणत्या साली आले, पेरल्याची तारीख, पहिल्या फुलाची तारीख, फुलाचा, शेंगेचा आणि दाण्याचा रंग, चव कशी, शिजतो कसा. बरणीवर चिठ्ठी लावतोच, पण तीच चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून आतही टाकावी. बाहेरची शाई दोन उन्हाळ्यांत उडते आणि मग दोन विटकरी वालांतला कोणता आजोळचा आणि कोणता बाजारचा हे सांगणारा कोणी राहत नाही. जुन्या वाणाचे वाळलेले दाणे खाण्यात वापरायचे असतील तर ते रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, चांगले उकळूनच शिजवावे, हेही त्या वहीत पुढच्यासाठी लिहून ठेवावे.

राहिले वाटणे. काहींच्या मनात कायद्याची शंका असते. ती ठेवण्याचे कारण नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे; संरक्षित वाणाचे बी छापील पुडीत, ब्रँडच्या नावाने विकण्याची तेवढी मनाई आहे. तेव्हा हात आखडू नये. तीस-चाळीस दाण्यांची पुडी बांधावी, वहीतला मजकूर चार ओळींत तिच्यावर उतरवावा, आणि जो खरोखर पेरील त्यालाच द्यावी. देताना एवढे सांगावे, की पुढच्या वर्षी यातले ओंजळभर मला परत दे.

त्या पोखरलेल्या बरणीच्या वर्षी मी हे बी कायमचे गेले असे धरून चाललो होतो. ज्येष्ठात खुलताबाद रस्त्यावरच्या एका वस्तीत लग्नानिमित्त जाणे झाले, आणि तिथल्या गोठ्यामागे गतसालच्या वाळलेल्या वेलाचे दोर अजून कुडावर तसेच होते. घरच्या वृद्ध बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, हे तुमच्याच आईने दिलेले, बारा वर्षे झाली. मग आत जाऊन त्यांनी उतरंडीतले वरून तिसरे गाडगे उतरवले, राख फुंकली आणि माझ्या ओंजळीत दाणे ओतले: विटकरी, काळ्या ठिपक्यांचे, कडेला पांढरी शीर. त्रेचाळीस होते. त्यांतले एकवीस मी त्या वर्षी आर्द्रेत टोकले आणि बावीस मागे ठेवले.